हिरव्या काठाची चिंधी

बस स्टँडच्या मागच्या वळणावर एक लिंब आहे. त्याच्या बुंध्याशी पोतं अंथरून ताराबाई बसते. कोणता ऋतू चालू आहे ते तिच्या टोपलीत डोकावलं की कळतं. थंडीत बोरं, ऊन तापलं की टेंभुर्णं आणि चारोळीच्या झाडाची चारं, मग जांभळं, दसऱ्याच्या आसपास सीताफळं. मधल्या दिवसांत उकडलेल्या शेंगा. पौर्णिमेला मात्र पोतं दिसत नाही. त्या दिवशी ती पांढरं लुगडं नेसून विहारात पहिल्या रांगेत असते, आणि वंदना चालू असताना कुजबुजणाऱ्यांकडे नुसतं वळून बघते. माझ्या माहितीत तेवढ्यानं दोन मास्तर आणि एक बँकेचा कॅशियर गप्प बसलेले आहेत.

मी तिला लहानपणापासून ओळखतो. आमच्या घरापासून तिसरं घर तिचं. उमेदीची सगळी वर्षं तिनं दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचण्यात घालवली. नवरा गेल्यावर महाराष्ट्राच्या सीमेवरचं गाव सोडून ती आदिलाबादला आली आणि जंगलातलं फळ विकायला लागली. "कापूस वेचला त्याले मालक व्हता, मुकादम व्हता," ती म्हणते. "बोरीले मुकादम नाई. म्हून बोर बरी."

माझी आई शिक्षिका. रविवारी तिला तपासायच्या वह्यांचे गठ्ठे असत, आणि मी घरात असलो की त्या वह्यांवर शाई सांडत असे. म्हणून मला ताराबाईबरोबर धाडून द्यायचे. तिच्या मागून मी मावला गावाच्या पलीकडे, नाल्याच्या काठाकाठानं हिंडलो आहे. तिचं काम दिसतं तितकं साधं नाही हे मला तिथंच कळलं. नाल्यावरच्या बोरी कोणाच्याच नाहीत. ना कोणाच्या शेतात, ना कोणाच्या कागदावर. पण वेचणारे पुष्कळ. म्हणून त्यांच्यात एक रीत आहे. हंगाम लागला की जो पहिल्यांदा झाडाखालची जमीन झाडून साफ करील आणि आपल्या अंगावरच्या जुन्या कापडाची चिंधी खालच्या फांदीला बांधील, त्या हंगामापुरतं झाड त्याचं. दुसऱ्यानं तिथं वाकायचंसुद्धा नाही.

ताराबाईची चिंधी हिरव्या काठाची. लग्नातल्या लुगड्याचा काठ ती दरवर्षी हातभर फाडते. लुगडं केव्हाच विरलं, काठ अजून पुरतो आहे. तिच्या शेजारी लिंबाखाली बसणारा म्हातारा धोंडीबा लाल चिंधी बांधायचा, जुन्या पागोट्याची. तो कडुलिंबाची दातणं, पळसाची पानं आणि थंडीत बोरं विकतो. दोघं वीस वर्षं एका सावलीत बसून एकमेकांना टोमणे मारत आले. "धोंडीबा, तुही बोरं अन् तुह्या तोंडावरच्या सुरकुत्या, गिऱ्हाइकाले फरक कळत नाई," असं ती म्हणायची. तो म्हणायचा, "म्हूनच माहा माल लवकर उठते. लोक दया करतेत."

झाड झोडपायचं नाही, हाही तिचा नियम. संध्याकाळी खाली कापड अंथरायचं, पहाटे जाऊन जे पडलं असेल ते उचलायचं. "झाड देते तेवढंच घ्याव. हिसकून घेतलं तं पुढच्या साली तोंड फिरवते." आठ वर्षांचा असताना मी एकदा त्या चिंधीची गाठ चाळवायला हात पुढे केला होता. मनगटावर अशी चापट बसली की पुढे पाढे म्हणतानाही हात आपोआप मागे जायचा.

हे सगळं इतकं सविस्तर सांगतो आहे, कारण मला काहीच माहीत नव्हतं असं नंतर कोणाला वाटायला नको. मला सगळं माहीत होतं.

आता मी मंडल ऑफिसात, म्हणजे इथल्या तहसिलीत, आहे. टेबलावर दिवसभर पहाण्या, म्हणजे इथले सातबारे, जमिनीची पासबुकं, हद्दीची भांडणं. म्हातारे शेतकरी येऊन "साहेब, आज्यापासून हे वावर आमीच वाहून राह्यलो" असं सांगतात, आणि मी मान वर न करता विचारतो, "कागद आहे का?" या एका वाक्यावर माझी नोकरी चालते.

संक्रांतीच्या सुट्ट्या संपत आल्या होत्या. रविवारी दादानं गाडी काढली. दादा, मीनलवहिनी, त्यांची दोन मुलं आणि मी असे मावल्याच्या पुढे जंगलाच्या कडेला डबे घेऊन निघालो. मैत्री दहा वर्षांची, हर्षदीप सहाचा. मैत्रीनं वहिनीच्या मोबाईलवर एक परदेशी बाई पाहिली होती. ती बाई मुलांना घेऊन रानातली फळं तोडते, घरी येऊन पिठाच्या वाटीत भरते, वर पिठाचंच झाकण घालते आणि भट्टीत भाजते. मैत्रीला तेच करायचं होतं. हर्षदीपनं त्याचं नावही ठेवून टाकलं होतं: झाकणपोळी.

"फळं कुठून आणायची?" वहिनी म्हणाली.

"ते माझ्याकडे लागलं," मी म्हणालो. "या जंगलातली एकेक बोर मला नावानं ओळखते."

हे वाक्य मी गाडीत तीनदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हाच थांबायला हवं होतं.

पहिली बोर गाठली, रिकामी. दुसरी किडलेली. तिसरी जिथं होती असं मी सांगत होतो तिथं मोबाईलचा टॉवर निघाला. हर्षदीप पाय ओढत चालायला लागला. वहिनीनं पदर कमरेला खोचला आणि गोड आवाजात विचारलं, "भाऊजी, झाडांची बदली झाली का हो? की मेडिकल रजेवर गेलीत सगळी?"

दादा हसला. मैत्री हसली नाही, आणि तिचं न हसणंच जास्त लागलं. "तुम्ही एकटे पुढे पाहून येता का?" असं तिनं इतक्या समजूतदारपणे विचारलं की मी एकटाच ताडताड नाल्याकडे उतरलो.

नाल्याच्या वळणावर ती होती. ताराबाईची बोर. पिकलेल्या फळांनी लाल-पिवळी झालेली, फांद्या वाकलेल्या. खाली जमीन झाडून आरशासारखी साफ केलेली, खराट्याच्या रेघासुद्धा दिसत होत्या. आणि माझ्या छातीच्या उंचीवर, खालच्या फांदीला, हिरव्या काठाची चिंधी.

मी तिथं किती वेळ उभा होतो ते सांगता येणार नाही, पण फार वेळ नव्हतो. मागून हर्षदीपची हाक आली, "काका, सापडली का?" मनात ऑफिसातलं वाक्य आलं. कागद आहे का? चिंधी म्हणजे काही जमिनीचा पट्टा नव्हे. सरकारी नाला, सरकारी झाड. आणि थोडी घेतली तर तिला कळणारही नाही. एवढे सगळे मुद्दे मला एका दमात सुचले. एखाद्या गरिबाचं काम करायचं असतं तेव्हा एकही सुचत नाही.

मी गाठ सोडली. चिंधी पँटच्या खिशात कोंबली. मग हाक मारली, "या! सापडली! कोणाचीच नाही ही, आपलीच!"

थोडी घेऊ म्हटलं होतं. पण मुलं झाडाखाली नाचायला लागली, वहिनी म्हणाली, "मानलं भाऊजी तुम्हाला," आणि दादानं कुठूनशी वेळूची काठी पैदा केली. ती काठी मी त्याच्या हातून घेतली. झाड झोडपलं. एक फांदी मोडून खाली आली तेव्हा हर्षदीपनं टाळ्या वाजवल्या. दोन पिशव्या भरल्या. निघताना झाडाखाली पाला, काटे, चिरडलेली फळं. खराट्याच्या रेघा कुठं दिसत नव्हत्या.

दुपार उतरताना आमच्या अंगणात कारखाना सुरू झाला. तीन विटांची चूल मी पेटवली. मोठ्या पातेल्यात नाल्याची वाळू घालून, झाकण ठेवून, झाकणावर निखारे ठेवायचे, झाली भट्टी. वहिनीनं बोरं धुऊन उकडली. मुलं दोन्ही हात कोपरापर्यंत बरबटून आठळ्या काढायला बसली. हर्षदीप प्रत्येक आठळी चाटून वेगळ्या वाटीत टाकत होता. त्याला त्या पेरायच्या होत्या. गर, गूळ, चिमटीभर मीठ, सुंठ. कणकेत थोडं ज्वारीचं पीठ आणि तुपाचं मोहन.

"म्हणजे ही बिनतळणीची सांजोरीच की," वहिनी म्हणाली.

"झाकणपोळी," हर्षदीपनं दुरुस्ती केली.

काठाला मुरड घालायचं काम मैत्रीचं. तिनं पहिली मुरड घातली ती एकीकडे जाड, एकीकडे पातळ. मी म्हणालो, "ही कोणत्या जिल्ह्याची हद्द?" तिनं पिठाचा हात माझ्या नाकाला पुसला. सगळं इतकं छान चाललं होतं की पातेल्याचं झाकण तापलं तेव्हा खिशात हात घालून जे फडकं हाताला लागलं त्यानं मी झाकण उचललं. मग ते फडकं विटेवर ठेवलं. ते काय आहे याकडे माझं लक्षही गेलं नाही.

तूप कमी पडलं. मी आणायला निघालो.

बस स्टँडच्या वळणावर माणसं जमली होती. चहावाला, दोन ऑटोवाले, बसची वाट पाहणाऱ्या बाया. मधे ताराबाई उभी होती. तिला उभ्यानं भांडताना मी कधी पाहिलं नव्हतं. ती बसूनच माणसाला पुरी पडते. ती कापड अंथरायला नाल्यावर जाऊन आली होती. हातात मोडलेली फांदी.

"काऊन रे धोंडीबा? वीस वर्सं एका सावलीत बसलो, अन् माहं झाड झोडपलं?"

धोंडीबा पोत्यावर बसूनच होता. समोर त्याची टोपली, बोरांनी भरलेली. "मी नाई वो ताराबाई. ही माह्या झाडाची हायेत."

"तं कोन? माकडानं चिंधी सोडली? म्या गाठ मारली व्हती. माकडाले गाठ सोडता येते? की आता तुले माकडात मोजू?"

लोक हसले. धोंडीबानं मान वर केली, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि पुन्हा टोपलीकडे पाहायला लागला.

ताराबाईलाही मी दिसलो. "हा पाह्य, बाबू आला. हा मंडल ऑफिसात हाय, सगळ्याईच्या हद्दी याच्याच हातात. अन् लहानपणी माह्यासंग हिंडलेला हाय. सांग रे बाबू, चिंधी बांधली की झाड कोनाचं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेव्हा बोलायला जागा होती. दोन शब्द पुरले असते.

"ज्यानं बांधली त्याचं," मी म्हणालो.

"अन् दुसऱ्यानं सोडली तं?"

माझ्या तोंडून ऑफिसातला आवाज निघाला. संथ, निःपक्षपाती. "दुसऱ्याची खूण सोडणं चूक आहे. चूकच आहे ते."

"आयकलं?" चहावाला धोंडीबाला म्हणाला.

 धोंडीबानं दातणांची मोळी बांधली, पोतं झटकलं, घडी केली. टोपली डोक्यावर घेताना त्याचा तोल जरा गेला, आणि कोणी हात दिला नाही. मीही दिला नाही. तो बस स्टँडच्या दिशेनं गेला. लिंबाखालची अर्धी सावली रिकामी झाली. मी तूप घेऊन घरी आलो.

अंगणात घमघमाट सुटला होता. सात झाकणपोळ्या ताटात. एकीचं झाकण फुगलेलं, एकीतून गर उकळून बाहेर येऊन काळा पडलेला. त्या काळ्या भागासाठी बहीणभावाचं भांडण चालू होतं. वहिनीनं माझ्या हातात एक ठेवली. मी खाल्ली नाही, तोंड भाजेल म्हणालो.

"पहिली ताराआजीला द्यायची," मैत्रीनं जाहीर केलं. "ती आम्हाला नेहमी मूठभर बोरं वर देते."

"ती आता घरी गेली असेल," मी म्हणालो.

"नाही. दिवे लागेपर्यंत बसते."

"तिला दात नाहीत."

"ती शेंगा दातांनी फोडते, काका."

"अगं, बोरं विकणारीलाच बोरं काय द्यायची?"

वहिनी माझ्याकडे पाहायला लागली. "भाऊजी, तुम्हाला काय झालंय?"

मी हात धुवायला आत गेलो. तोंडावर पाणी मारलं, पुन्हा मारलं. बाहेर आलो तर मैत्री नव्हती. "डबा गरम होता," वहिनी म्हणाली, "तिथल्या त्या फडक्यात बांधून घेऊन गेली."

विटेवर फडकं नव्हतं.

इतका मी शाळेच्या स्पर्धेतही पळालो नव्हतो. वळणावर पोचलो तेव्हा गर्दी पांगली होती. ताराबाई पोत्यावर बसलेली, मैत्री तिच्यासमोर उकिडवी. डबा मांडीवर. ताराबाई गाठ सोडत होती. माझ्यासारखी घाईनं नाही, नखानं हळूहळू. गाठ सुटली. तिनं चिंधी गुडघ्यावर पसरली, तळहातानं सपाट केली. हिरवा काठ, एका टोकाला काजळी लागलेली. 

मग तिनं डबा उघडला, तुकडा मोडला, तोंडात टाकला. "नाल्यावरची हायेत," ती हळूच म्हणाली. मग मैत्रीला, "कोनं केलं व माय हे?"

"मी, हर्षदीप आणि आई. काकांनी चूल पेटवली. आणि झाड पण काकांनीच शोधलं! कोणालाच माहीत नव्हतं ते."

ताराबाईनं माझ्याकडे पाहिलं. "हव," ती म्हणाली. "तुह्या काकाले लहानपनापासून माहीत हाय ते झाड." मग मैत्रीच्या गालाला हात लावून, "लय मस्त झालं. आईले सांगजो, आजीनं बोटं चाटली. जाय आता, दिवे लागले."

मैत्री उड्या मारत गेली. मी शिव्यांची वाट पाहत उभा राहिलो. शिव्या मिळाल्या असत्या तर त्या मी घरी घेऊन गेलो असतो, एखाद्या पावतीसारख्या. ताराबाईनं चिंधीची घडी केली, कमरेला खोचली आणि शेजारच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं.

"म्या त्याले चारचौघात माकड म्हटलं," ती म्हणाली.

"मावशी, मी..."

"तुहं तू पाह्य. मले आधी माहं पाहू दे." ती माझ्याकडे बघत नव्हती. मला वाटलं रागानं. पण तिला स्वतःची लाज वाटत होती. माझ्या वाट्याची लाज तिनं आधी उचलली होती, आणि मला ती तिच्याकडून मागूनही घेता येत नव्हती. "इतकी वर्सं झाली. त्यानं कदी माह्या पोत्यावर पाय नाई ठेवला. म्या एक डाव इचारलं नाई नीट."

मग म्हणाली, "रुसला की तो लेकीकडं जाते, नेरडीगोंड्याले. उद्या सकाळी पयल्या बसनं जाऊ. तू रजा टाक."

सकाळी बस स्टँडवर ती डबा घेऊन आधीच उभी होती. आमच्या तेलंगणात बसमध्ये बायांना तिकीट नाही. तिनं आधार कार्ड दाखवलं आणि माझ्याकडे बोट करून कंडक्टरला म्हणाली. "याचं पुरं घ्या. याले कोनतीच सवलत नाई." नेरडीगोंडा येईपर्यंत ती तेवढंच बोलली. गारठा होता, खिडकीची काच बंद होत नव्हती, आणि मी तिला जागा बदलू का विचारलं तर तिनं ऐकलंच नाही.

धोंडीबा लेकीच्या अंगणात उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलत होता. ताराबाईनं त्याच्यासमोर हात जोडले. "धोंडीबा, चुकली मी."

तो गडबडून उठला. "बस वो, बस. हे काय. पोरी, चहा टाक."

आता माझी पाळी होती. रस्ताभर मी वाक्यं जुळवली होती, त्यात 'मुलांचा हट्ट' होता, 'क्षणभर' होतं, 'गैरसमज' होता. ऐन वेळी त्यातलं एकही वापरायची हिंमत झाली नाही. "बाबा, चिंधी मी सोडली होती. झाडही मीच झोडपलं."

"माहीत हाय मले," धोंडीबा म्हणाला.

तो पुन्हा सुपापुढे बसला.

"मी नाल्याच्या पल्याड दातनं तोडून राह्यलो व्हतो. तुमची गाडी पाह्यली. तुले गाठ सोडतानीबी पाह्यलं."

ताराबाई भडकली. "मंग सांजच्याले तोंडाले कुलूप लावलं व्हतं काय तुया? माह्या शिव्या काऊन खाल्ल्या?"

त्यानं एक शेंग सोलली, दाणे सुपात टाकले. "लेकरं व्हती नं याच्यासंग. झाडाखाली नाचून राह्यली व्हती. म्या नाव घेतलं असतं तं गोष्ट त्यायच्यापर्यंत गेली असती. आपल्या काकाले लोक चोर म्हनतेत, हे लेकराईनं काऊन आयकाव?" मग माझ्याकडे न पाहता, "अन् मले वाटलं, हा सोता सांगन. शिकेल पोरगा हाय. म्हून थांबलो थोडा. याच्याकडं पाह्यलंबी. मंग यानं सांगितलं, चूकच आहे ते. मंग म्या टोपली उचलली."

तो रागावलेला नव्हता. बस चुकली असं सांगावं तसं त्यानं सांगितलं. चहा आला. त्यानं पहिली बशी ताराबाईपुढे सरकवली.

ताराबाईनं त्याला घेतल्याशिवाय निघायचं नाही असं ठरवलंच होतं. "चारचौघात बोलली, चारचौघातच निस्तरीन." दुपारी आम्ही तिघं लिंबाखाली उतरलो. तिनं स्वतः त्याचं पोतं अंथरलं. चहावाल्याला हाक मारली, ऑटोवाल्यांना बोलावलं. "धोंडीबानं काई केलं नाई. माही जीभ घसरली. आता हा बाबू सांगते."

मी सांगितलं. कोणी चिडलं नाही. एक ऑटोवाला हसून म्हणाला, "अरे मंडल ऑफिसवाले, झाडाचं पासबुक काढून घ्यायचं होतं ना!" आणि सगळे हसले. नेहमी मी लोकांना हसवतो. त्या दिवशी कळलं, ज्याच्यावर हसतात त्याचे हात कुठं ठेवायचे ते त्याला सुचत नाही.

त्या झाडाला ताराबाईनं या हंगामात पुन्हा चिंधी बांधली नाही. खाली पडायला काही उरलंच नव्हतं. मी बोरं घ्यायला गेलो तर ती देते. तराजूचा काटा बरोबर मधे येईपर्यंत थांबते, आणि मग वर मूठभर टाकत नाही. मावशी म्हटलं तर 'ओ' देते.

मुलांना सांगायचं उरलं होतं. धोंडीबानं ज्यांच्यासाठी शिव्या खाल्ल्या त्यांनाच सांगायचं की नाही, यावर मी दोन दिवस काढले. दोन्ही दिवस मला न सांगण्याची कारणं फार छान सुचली. शेवटी संध्याकाळी मैत्री डब्यातली उरलेली एक झाकणपोळी घेऊन पायरीवर बसली होती, तिथं जाऊन बसलो आणि सांगितलं.

"पण तुम्हाला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"हो."

"चिंधी बांधलेली होती?"

"हो."

"आणि तुम्ही म्हणालात, कोणाचीच नाही, आपलीच."

"हो."

तिनं डब्याचं झाकण लावलं. पोळी न खाता. मग म्हणाली, "हर्षदीपला मी सांगते. तुम्ही नका सांगू."

"का गं?"

"तुम्ही गंमत करून सांगाल."

तिनं सांगितलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर दोघंही घरी उशिरा आली. लिंबाखाली बसून आली होती. ताराआजीनं काय सांगितलं ते दोघंही मला सांगत नाहीत. विचारलं तर हर्षदीप तोंडावर हात ठेवतो. पण त्या दिवसापासून दोघांच्याही दप्तराच्या पट्ट्याला हिरव्या काठाची एकेक चिंधी बांधलेली आहे. दप्तर उचलून खुंटीला लावायचं काम घरात माझं आहे. लावताना मी गाठीला हात लागू देत नाही.